सर्व्हरचा प्रोसेसर बदलताना

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, संगणकाच्या पोटातील भाग काढण्याघालण्याशी सरपंचांचा अथवा मुख्याध्यापकांचा संबंध तो काय? ते काम कारागिराचे. शंका रास्त आहे. परंतु त्या कारागिराच्या देयकावर सही कोणाची होते, हे पाहिले म्हणजे हा संबंध ध्यानी येतो. कल्याणहून किंवा ठाण्याहून माणूस येतो, तासाभरात सर्व्हर उघडतो, काही काढतो, काही घालतो आणि अखेरीस सांगतो की, साहेब, बोर्डच गेला आहे. तो आधीच गेलेला होता की या तासाभरात गेला, हे सही करणाऱ्याला कळण्यास मार्ग नसतो. सार्वजनिक पैशातून हजारो रुपयांचा नवा बोर्ड मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत काम ठप्प राहते. आपण स्वतः पेचकस हाती घ्यावा असा माझा आग्रह मुळीच नाही. जो घेईल त्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे शेजारी उभे राहून ओळखता यावे, एवढ्यासाठी हा प्रपंच आहे.

शासनाचा बराचसा संगणकीय व्यवहार आता मोठ्या डेटा सेंटरमधून चालतो. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला, तो डोळखांबच्या शेतकऱ्याला घरबसल्या मिळू लागला. त्यामागील यंत्रे आपल्या तालुक्यात नाहीत आणि त्यांची काळजी वाहणारी माणसे वेगळी आहेत. तथापि महाविद्यालयाचे कार्यालय, शाळेची संगणक खोली, पतसंस्था, रुग्णालय, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने अशा ठिकाणी अजूनही कोपऱ्यात एखादा सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. त्याच्यावर दहा, वीस, तीस संगणक अवलंबून असतात. जून महिन्यात प्रवेश व शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरण्याच्या ऐन घाईत हा सर्व्हर बसला, तर किन्हवली किंवा टोकावड्याच्या बाजूच्या पाड्यावरून एस.टी.ने आलेला ठाकूर अथवा कातकरी समाजाचा विद्यार्थी त्या दिवसाची मजुरी आणि भाडे दोन्ही गमावून परत जातो. त्याला प्रोसेसर म्हणजे काय हे ठाऊक नसते. पण नुकसान त्याचेच होते.

प्रोसेसर म्हणजे संगणकात हिशेब करणारा भाग. एके काळी तो एका खोलीएवढा असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. त्यांपैकी एखादी नळी निकामी झाली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येई. १९७१ मध्ये इंटेल कंपनीचा ‘४००४’ हा प्रोसेसर आला आणि सारा हिशेब नखाएवढ्या तुकड्यावर मावू लागला. आज सर्व्हरमधील प्रोसेसर तळहातात मावेल एवढी धातूचे झाकण असलेली चौकोनी वडी असते. तिच्या आत दुरुस्त करण्याजोगे काहीही नाही. ती काढावयाची आणि दुसरी बसवावयाची, एवढेच आपल्या हाती उरते.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण पैशाची बचत तिच्यातच अधिक आहे. प्रोसेसर सहसा बिघडत नाही. सर्व्हर बंद पडला, वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला किंवा अतिशय मंद झाला, म्हणजे ‘प्रोसेसर गेला’ असे निदान फार लवकर केले जाते. वास्तविक आधी पाहावयाचे ते पंखे, धूळ, वीजपुरवठ्याचा डबा आणि मेमरीच्या पट्ट्या. आपल्याकडे भातझोडणीच्या दिवसांत उघड्या खिडकीतून आत येणारी धूळ पंख्यावर थर धरते. प्रोसेसर व त्यावरील हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा, यांच्यामध्ये लावलेली पेस्ट काही वर्षांनी वाळते. सर्व्हरचा प्रोसेसर सहज १५० ते २०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. जुन्या शंभर वॅटच्या दोन दिव्यांइतकी ही उष्णता एवढ्याशा जागेतून निघून गेली नाही, तर स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसर प्रथम मंदावतो आणि नंतर यंत्र बंद करतो. अशा वेळी नवा प्रोसेसर बसवला तरी काही काळ सारे सुरळीत चालते, कारण बसवताना धूळ पुसली जाते आणि पेस्ट नवी लागते! देयक मात्र प्रोसेसरचे निघते.

तेव्हा यंत्र उघडण्यापूर्वी त्याची नोंदवही वाचावी. बहुतेक सर्व्हरमध्ये देखरेखीची एक स्वतंत्र चिप असते. डेल कंपनी तिला आयड्रॅक म्हणते, एच.पी.ई. कंपनी आय.एल.ओ. म्हणते. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या भागाने तक्रार केली, हे तिच्यात नोंदलेले असते. कारागिराला प्रथम ही नोंद दाखवण्यास सांगावे आणि तिची प्रत फाइलला लावावी. दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये आणखी एक साधी कसोटी आहे. दोघांच्या जागांची अदलाबदल करावी. तक्रार ‘सी.पी.यू. १’ वरून ‘सी.पी.यू. २’ कडे सरकली, तर दोष प्रोसेसरचा. ती होती तेथेच राहिली, तर दोष बोर्डाचा किंवा सॉकेटचा, आणि मग नवा प्रोसेसर विकत घेऊन काहीच साधणार नाही. मात्र या अदलाबदलीतही प्रोसेसर दोन वेळा हाताळावा लागतो, म्हणून मेमरीच्या पट्ट्यांची अदलाबदल त्याआधी करून पाहावी. ती पुष्कळ सोपी असते.

निदान पक्के झाल्यावर खरेदीचा प्रश्न येतो. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते आपण उघडूच नये. कंपनीचा माणूस बोलवावा. मुदत संपली असेल तर बोर्डाला कोणते प्रोसेसर चालतात, याची कंपनीने दिलेली यादी पाहावी. खोबण सारखी आहे एवढ्यावरून प्रोसेसर चालेलच असे नाही. बोर्डावरील बायोस ही मूळ आज्ञावली जुनी असेल, तर ती नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. म्हणून जुना प्रोसेसर चालत असतानाच बायोस अद्ययावत करून घ्यावा. जुना काढल्यावर ते करणे बहुधा दुरापास्त होते. नव्याची उष्णता जुन्यापेक्षा अधिक असेल तर हीट सिंकही बदलावा लागतो. दोन प्रोसेसर शेजारी शेजारी बसवावयाचे असल्यास ते एकाच जातीचे व एकाच क्रमांकाचे हवेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले प्रोसेसर स्वस्तात मिळतात, हे अनेकांना ठाऊक आहे. पण ए.एम.डी. कंपनीचे एपिक जातीचे काही प्रोसेसर एका विशिष्ट कंपनीच्या सर्व्हरमध्ये एकदा चालले की त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचे जखडले जातात आणि दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. स्वस्त मिळालेली वस्तू अशा वेळी निव्वळ शोभेची ठरते. सबब वापरलेला माल घ्यावयाचाच असेल, तर चालवून दाखवण्याची अट लेखी घालावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम म्हणजे माहितीची प्रत. प्रोसेसर बदलल्याने डिस्कवरील माहिती पुसली जात नाही हे खरे; परंतु उघडलेल्या यंत्रात दुसरीच एखादी केबल ढिली होऊ शकते आणि सांकेतिक कुलूप लावलेल्या डिस्का काही यंत्रांत असा बदल झाल्यावर किल्लीचा आकडा मागतात. तो आकडा कोणाजवळ आहे, हे आदल्या दिवशी शोधावे. प्रत घेतली एवढे ऐकून समाधान मानू नये. तिच्यातील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. वापरणाऱ्यांना आगाऊ सूचना द्यावी आणि काम शनिवारी दुपारनंतर किंवा सुटीच्या दिवशी ठेवावे.

सर्व्हर रीतसर बंद करावा. नंतर वीज काढावी. येथे एक चूक सर्रास होते: सर्व्हरला बहुधा वीजपुरवठ्याचे दोन डबे आणि दोन वायरी असतात, आणि एक काढली तरी दुसरीवर तो जिवंत राहतो. शिवाय यंत्र ‘बंद’ दिसत असतानाही बोर्डावर थोडी वीज खेळत असते. देखरेखीची चिप तिच्यावरच जागी असते. दोन्ही वायरी भिंतीपाशी नव्हे, तर यंत्रापाशी काढाव्यात, नंतर चालू करण्याचे बटन काही क्षण दाबून धरावे म्हणजे साठलेली वीज संपते. हीट सिंक निवेपर्यंत थांबावे. या वेळात आतील सर्व केबलींचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

यानंतरचा मुद्दा आहे स्थिर विजेचा. याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. नायलॉनच्या कपड्यांच्या घर्षणाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना अंगावर विद्युतभार साचतो. लोखंडी कडीला हात लावल्यावर जो झटका जाणवतो, तो जाणवण्यासाठी सुमारे ३००० व्होल्टचा दाब लागतो. नाजूक चिप मात्र काहीशे व्होल्टनेही दुखावते. म्हणजे आपल्याला काहीच जाणवले नाही, तरी चिपचे काम तमाम झालेले असू शकते. कधी ती तत्काळ मरते, कधी चार महिन्यांनी विचित्र वागू लागते, आणि तेव्हा दोष कोणाचा हे सांगता येत नाही. आपल्या पावसाळ्यात हवा ओली असल्याने हा भार कमी साचतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत आणि वातानुकूलित खोलीत तो अधिक साचतो. यावरचा उपाय शे-दोनशे रुपयांत मिळणारा मनगटाचा पट्टा हा होय. तो उघड्या कातडीवर घट्ट बांधावा आणि त्याची चिमट्यासारखी पकड यंत्राच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावावी. पट्ट्यात एक मेगओहमचा रोध असतो. त्यामुळे चुकून विजेशी संबंध आला तरी धोकादायक प्रवाह अंगातून जात नाही. म्हणून साधी तार मनगटाला गुंडाळून पट्ट्याची हौस भागवू नये. वायरी काढल्यावर यंत्राचा जमिनीशी संबंध तुटतो, मग पट्ट्याचा उपयोग काय, असे कोणी विचारतात. आपले अंग आणि यंत्र यांचा दाब एकच असणे महत्त्वाचे. दाबात फरक नसेल तर ठिणगी पडत नाही.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात मुरमाखाली काळा कातळ आहे. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात उत्तम काम देतो आणि एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडून नावापुरता उरतो. तानसा व भातसा धरणांच्या या तालुक्यात उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरचे पाणी प्यावे लागते, तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे असे सांगताना मला संकोच वाटतो. पण हात धुण्याचे पाणी नळीने त्या खड्ड्याकडे वळवणे अवघड नाही. मीठ-कोळसा भरलेला खड्डा ओला राहील एवढे ते पुरते. वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. मृगाच्या तोंडाशी वळवाच्या विजा कडाडतात, तेव्हा बोर्ड जळण्याच्या ज्या घटना घडतात त्यांत अर्थिंगचा वाटा मोठा असतो. उंदीर आणि पाली यांचाही असतो, परंतु तो विषय निराळा.

हीट सिंकचे स्क्रू सोडवताना घाई नको. एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे जाणे चुकीचे आहे. त्याने ठोकळा तिरपा होऊन त्याचा सारा भार एका कोपऱ्यावर येतो. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडवावेत. हीट सिंकवर किंवा खोबणीच्या चौकटीवर बहुधा क्रमांक छापलेले असतात. बसवताना त्या क्रमाने आणि काढताना उलट क्रमाने जावे. पेस्ट वाळून ठोकळा चिकटला असेल तर सरळ वर ओढू नये. हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. २०१७ नंतरच्या इंटेल झिऑन जातीच्या अनेक सर्व्हरांत प्रोसेसर हीट सिंकलाच एका चौकटीने धरलेला असतो आणि दोन्ही एकत्रच वर येतात. तेथे टी-३० आकाराचा सहा टोकांचा ताऱ्यासारखा पेचकस लागतो. साध्या चपट्या पेचकसाने ते काम करू पाहणाऱ्यास तेथेच थांबवावे. पहिल्या पिढ्यांच्या एपिक सर्व्हरांत तीन क्रमांकित स्क्रू सोडवल्यावर चौकट वर उचलली जाते आणि प्रोसेसर एका रुळातून सरकवून काढावा लागतो. लहान सर्व्हरांत खोबणीच्या बाजूला एक दांडी असते. ती खाली दाबून बाजूला काढली की झाकण मोकळे होते.

आता या सर्व कामातील सर्वांत नाजूक जागा. पूर्वीच्या प्रोसेसरला स्वतःच्या पिना असत. २००४ ते २००६ च्या सुमारास पिना खोबणीत गेल्या आणि प्रोसेसरच्या तळाशी केवळ सोनेरी ठिपके राहिले. झिऑनच्या एका प्रसिद्ध खोबणीत अशा ३६४७ पिना आहेत. एपिकच्या पहिल्या पिढ्यांच्या खोबणीत ४०९४ आहेत. केसासारख्या बारीक, एकाच दिशेला झुकलेल्या या पिना म्हणजे वाफ्यावर दाट उगवलेली भाताची रोपेच. वाफ्यावरून कोणी हात फिरवला तर रोपे आडवी होतात आणि पुन्हा उभी राहतात. या पिना राहत नाहीत. बोट, कापड, सदऱ्याची बाही, निसटलेला स्क्रू, यांपैकी कशाचाही स्पर्श पुरेसा होतो. म्हणून प्रोसेसर काढताक्षणी खोबण झाकावी. नव्या बोर्डासोबत खोबणीवर प्लॅस्टिकचे झाकण येते. पुष्कळजण ते फेकून देतात. ते जपून ठेवावे.

पिना वाकल्यास बहुतेक कंपन्या त्यास बाहेरून झालेली इजा समजतात आणि हमीखाली बोर्ड बदलून देत नाहीत. म्हणूनच आपणांस उपयोगी पडेल अशी एक सूचना करतो. प्रोसेसर काढल्याबरोबर आणि नवा बसवण्याच्या क्षणभर आधी, अशी खोबणीची दोन छायाचित्रे कारागिरासमक्ष घ्यावीत. विजेरी बाजूने तिरपी धरावी. सर्व पिना सरळ असतील तर चकाकी एकसारखी दिसते, वाकलेली पीन त्या चकाकीत खटकते. ही दोन छायाचित्रे आणि कारागिराची सही असली, म्हणजे बोर्ड आधी गेला होता की नंतर, हा वाद राहत नाही. प्रामाणिक कारागिरालाही यात संरक्षणच आहे.

नवा प्रोसेसर वातानुकूलित दुकानातून किंवा गाडीतून थेट दमट खोलीत आणला असेल तर पाकीट लगेच फोडू नये. थंड वस्तूवर दव धरते. अर्धा-एक तास तो खोलीत तसाच राहू द्यावा. नंतर कडांना धरून उचलावा, तळाच्या ठिपक्यांना बोट लावू नये. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो आणि खोबणीच्या चौकटीवरही तशीच खूण असते. दोन्ही खुणा जुळवाव्यात. खोबणीत तो सरळ वरून खाली ठेवावा. सरकवू नये, दाबू तर मुळीच नये. तो आपल्या वजनाने जागेवर बसतो. बसत नसेल तर दिशा चुकलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. रुळाच्या किंवा चौकटीच्या जातीत त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे करावे.

हीट सिंकवरील जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणारे कापड यांनी पूर्ण पुसावी. कार्यालयातील फडके किंवा कापूस चालत नाही. नवी पेस्ट पातळ असावी. अनेकांना वाटते की अधिक लावली तर अधिक गारवा मिळेल. प्रत्यक्षात तिचे काम दोन धातूंमधील सूक्ष्म फटी भरण्यापुरते असते. स्क्रू क्रमाने, थोडे थोडे आवळावेत; थांबण्याची जागा आली की थांबावे. पंख्याची वायर जोडल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. एकच प्रोसेसर बसवावयाचा असेल तर तो पहिल्या क्रमांकाच्या खोबणीतच हवा. दुसऱ्या खोबणीजवळचे मेमरीचे कप्पे त्या वेळी निरुपयोगी राहतात.

पहिल्यांदा सुरू करताना काही सर्व्हर नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ घेतात. त्या काळात घाबरून वीज काढणे हा सर्वांत वाईट उपाय होय. सुरू झाल्यावर बायोसमध्ये तीन आकडे पाहावेत: प्रोसेसरचे नाव, तापमान आणि एकूण मेमरी. तिसरा आकडा बहुतेकजण पाहत नाहीत, आणि नेमका तोच बोलका असतो. मेमरीशी होणारे दळणवळण प्रोसेसरमधूनच चालते. एखादी पीन वाकली असेल तर चार पट्ट्यांपैकी तीनच दिसतात आणि बाकी सारे ठीक असल्याचा भास होतो. चार-सहा तास यंत्र कामाला जुंपून पुन्हा नोंदवही वाचावी. त्यानंतरच काम समाधानकारक झाल्याचा शेरा लिहावा.

शिक्षकमित्र विचारतात की, हे आम्ही स्वतः करावे काय? निर्लेखित झालेल्या जुन्या यंत्रावर ज्याने दहा वेळा काढघाल केली आहे, त्याने हमीबाहेरच्या यंत्रावर हे काम करण्यास माझी हरकत नाही. ज्याने केलेली नाही त्याने पाहावे, छायाचित्रे घ्यावीत आणि प्रश्न विचारावेत. शाळेच्या अडगळीत पडलेले जुने संगणक या सरावास उत्तम आहेत. विद्यार्थ्यांनाही त्यातून पुस्तकापेक्षा अधिक समजते.

राहिला काढलेला प्रोसेसर. तो कारागिराच्या पिशवीत जाऊ देऊ नये. ती संस्थेची मालमत्ता आहे. स्थिर विजेपासून बचाव करणाऱ्या पाकिटात घालून त्यावर तारीख व यंत्राचा क्रमांक लिहावा आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत जुन्या-नव्या दोहोंची नोंद करावी. तो निकामी असेल तर रीतसर निर्लेखन करून नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ यांचे तसे बंधन आहे, आणि भंगारवाल्याच्या तराजूवर तो चढवण्यास त्यात मुभा नाही. खोबणीचे प्लॅस्टिकचे झाकण मात्र त्याच पाकिटात ठेवावे; बोर्ड कधी कंपनीकडे परत पाठवावा लागला तर ते लावूनच पाठवावयाचे असते.